रजेचा अर्ज आणि १८७९ चे बंड

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करतो. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, वडिलांच्या मागे नोकरीला लागलो, आणि आजवर जे काही लिहिले ते ‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर’ याच थाटाचे. काल रात्री बुवांचे कीर्तन झाले, त्या जागेवर आज मी उभा राहावे हे मलाच चमत्कारिक वाटते. पण समितीने सांगितले की गावातला माणूस बोलला पाहिजे, विषय तुमचा तुम्ही ठरवा. मी ठरवला. विषय एका कारकुनाचा आहे.

त्या कारकुनाचे नाव वासुदेव बळवंत फडके. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या नावामागे ‘आद्य क्रांतिकारक’ असे लावलेले असते आणि दाढी-पागोट्याचे चित्र असते. त्यामुळे हा माणूस पंधरा-एक वर्षे टेबलाशी बसून सरकारी हिशेब तपासत होता, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. पेशवाई बुडाली, किल्ले गेले, आणि किल्लेदाराचा नातू इंग्रजी शिकून नोकरीला लागला. आधी रेल्वेत, मग सैन्याला दाणागोटा पुरवणाऱ्या खात्याच्या हिशेब तपासनीस कचेरीत. त्या कचेरीतून पुण्याला बदली झाली. कोणी म्हणेल, सरकारी नोकरी, पुण्यात बिऱ्हाड, आणखी काय हवे? आमच्या घरीही असेच म्हणाले होते.

१८७० च्या सुमाराची गोष्ट. शिरढोणहून निरोप आला की आई आजारी आहे. फडक्यांनी रजेचा अर्ज दिला. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. अखेर ते घरी पोचले तोवर आई गेली होती. पुढल्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही.

मंडळी, इथे मला थोडे थांबायचे आहे. ही हकीकत भाषणात आली की ऐकणारे त्या गोऱ्या साहेबाला शिव्या देतात. मीही देत असे. पण पाच-सहा वर्षांमागे, मी दुसऱ्या एका कचेरीत असताना, आस्थापनेचे टेबल माझ्याकडे होते. एका कोतवालाने आईच्या दुखण्यासाठी रजेचा अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर, त्यात निवडणुकीची घाई. मी अर्ज फाइलीत ठेवला. फोन करून साहेबांना विचारता आले असते, पण विचारले नाही. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो आला तो डोक्यावरचे केस काढून. मला एका शब्दाने बोलला नाही. दुसरा अर्ज दिला, दिवसकार्याच्या रजेचा. तो मी उभ्या-उभ्या मंजुरीला नेला. त्या दिवसापासून फडक्यांच्या गोष्टीतला साहेब मला परका वाटेनासा झाला आहे. तो कोतवाल रामोशी समाजाचा होता, हे मी मुद्दाम सांगतो. कारण पुढच्या हकीकतीत त्याच समाजाशी आपली गाठ आहे.

आता, रजा मिळाली नाही म्हणून बंड झाले, असे कोणी सांगितले तर ते खरे धरू नका. रजेचे दुःख आणि बंड यांच्यामध्ये आठ-नऊ वर्षांचे अंतर आहे. नुसता रजेचा राग असता तर माणूस राजीनामा देऊन मोकळा झाला असता. या आठ-नऊ वर्षांत फडके काय करत होते ते पाहा. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकत होते. देशाचा पैसा देशाबाहेर कसा जातो, हे रानडे आकडे देऊन सांगत. आणि हिशेब तपासणाऱ्या माणसाला आकडा लवकर समजतो. त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामनराव भावे आणि लक्ष्मणराव इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात शाळा काढण्यात हात घातला. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा, तलवार शिकले. लहुजी मातंग समाजाचे, फडके चित्पावन. पण तालमीत वस्ताद तो वस्ताद. आणि आपल्याच व्याख्यानाची दवंडी फडके आपणच पिटत, हातात थाळी घेऊन ती वाजवत पुण्याच्या रस्त्याने फिरत. कचेरीतला कारकून, भर रस्त्यात थाळी बडवतोय! लोक हसले असतील. व्याख्यानालाही गेले असतील आणि टाळ्या वाजवून घरी आले असतील.

मग १८७६ चा पावसाळा कोरडा गेला.

या दुष्काळाचे वर्णन करण्याची मला गरज नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे या मंडपात पुढच्या रांगेत बसली आहेत; सुकडी आणि मिलो ज्वारी काय असते ते त्यांनी मला सांगितले आहे. पण ७२ साली निदान रोजगार हमीचे काम होते, धान्य बाहेरून येत होते. १८७६-७८ मध्ये पुणे, सोलापूर, सातारा, नगर, कलादगी हा सारा मुलूख जळत असताना देशातले धान्य जहाजांत भरून विलायतेला जात होते. हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लिटनने दरबार भरवला, व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर केले, राजेरजवाड्यांच्या पंगती उठल्या. त्याच सुमारास सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी दुष्काळी कामांचा खर्च कमी करत फिरत होता. त्याने मजुरी बसवली ती अशी : दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा. रत्तल म्हणजे आजचा अर्धा किलोसुद्धा नव्हे. आपल्या इलाख्यातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारली, हजारो लोक कामावरून उठून गेले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. टेंपलचे नाव ध्यानात ठेवा. १८७७ सालीच हा गृहस्थ मुंबईचा गव्हर्नर झाला.

फडके या दुष्काळात गावोगाव हिंडले. काय पाहिले ते त्यांनी पुढे लिहूनही ठेवले. बाया-माणसे, गुरे, उजाड गावे. परत येऊन ते पुण्यातल्या शिकलेल्या आणि पैसेवाल्या मंडळींकडे गेले. म्हणाले, पैसा द्या, माणसे द्या, आता अर्जविनंत्यांनी भागणार नाही. कोणी दिले नाही. व्याख्यानाला टाळ्या देणे वेगळे आणि बंडाला पैसे देणे वेगळे. मी त्यांना नावे ठेवत नाही. माझ्याकडे ते आले असते तर मीही दाराची कडी लावून घेतली असती.

तेव्हा फडके गेले ते रामोशांकडे.

रामोशी कोण, हे या गावात सांगायला नको. गावाची राखण, गडाची राखण हा त्यांचा पिढीजात धर्म. पुरंदराच्या मुलखात गडकिल्ल्यांचे पहारे त्यांच्याकडे. इंग्रज आले, गडांवरची कामे गेली, राखणीचे हक्क गेले, वतने गेली. ज्याने चोर धरायचा त्यालाच सरकार चोर म्हणू लागले. त्याविरुद्ध भिवडीच्या उमाजी नाईकांनी पहिल्यांदा शस्त्र उचलले आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेले. म्हणजे फडक्यांच्या जन्माच्या आधी तेरा वर्षे. ‘आद्य’ कोण यावर मी वाद घालत नाही. पण एवढे खरे की फडके रामोशांना बंड शिकवायला गेले नव्हते. बंड त्यांच्या घरात आधीच झालेले होते.

रामोशांबरोबर कोळी आले, धनगर आले, मांग आले. पुण्यातून विष्णुपंत गद्रे, गोपाळराव साठे, गणेशपंत देवधर, गोपाळ हरी कर्वे हे साथीला होते. २० फेब्रुवारी १८७९ या दिवशी पुण्याबाहेर लोणीजवळ सुमारे दोनशे माणूस जमा झाले आणि फडक्यांनी इंग्रज सरकारशी लढाई पुकारली. दोनशे माणूस! आपल्या जत्रेत बैलगाडा शर्यतीला याहून जास्त गर्दी असते. समोर कोण, तर १८५७ चे बंड मोडून वीस वर्षे पक्के बसलेले सरकार. आणि आदल्याच वर्षी, १८७८ साली, हत्यारांचा कायदा करून त्याने लोकांच्या हातातली हत्यारे काढून घेतलेली. पुण्यातले बिऱ्हाड मोडले होते. पत्नी गोपिकाबाई, ज्यांना त्यांनी घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकवले असे सांगतात, त्या मागे राहिल्या.

पहिला छापा शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. एका व्यापाऱ्याच्या घरी सरकारी कराचा पैसा जमा आहे, तो पुढे पाठवायचा आहे, अशी खबर होती. फडक्यांचा बेत असा की सरकारचा पैसा घ्यायचा, त्यातून माणसे आणि हत्यारे जमवायची, तारा तोडायच्या, तुरुंग फोडायचे, खजिने घ्यायचे, आणि एकाच वेळी चारी दिशांना उठाव करायचा. कागदावर बेत उत्तम होता. धामारीला हाती लागले ते जेमतेम चारशे रुपये.

व्यापारी देणगीदार बसले आहेत, त्यांनी राग मानू नये. मी स्वतः सरकारी भरण्याच्या पावत्या फाडणारा माणूस. भरणा लुटण्याचे समर्थन माझ्या तोंडी शोभणारही नाही. पण त्या चारशे रुपयांपासून फडक्यांच्या नावाला ‘दरोडेखोर’ हा शब्द चिकटला, आणि तो शब्द लावणाऱ्यांनी एक रत्तल धान्याच्या मजुरीला कधी कसलाच शब्द लावला नाही, एवढे मी म्हणू शकतो.

पुढे शिरूर आणि खेड तालुक्यांत आणखी छापे पडले. आणि इथे खरी अडचण उभी राहिली. फडक्यांना स्वराज्य हवे होते. बरोबरच्या माणसांना दाणे हवे होते. मिळालेला पैसा राखून पुढच्या लढाईला लावावा हे एकाचे म्हणणे, तर घरी पोरे उपाशी आहेत, वाटणी करा, हे दुसऱ्यांचे. फडके यावर फार चिडले, निराश झाले. श्रीशैल मल्लिकार्जुनाला जाऊन देवापुढे प्राण द्यावा इथवर त्यांच्या मनाने घेतले. तिथेच त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. त्यात त्यांनी यश आले नाही हे सरळ कबूल केले आहे, आणि सोबतच्या माणसांवर रागही काढला आहे.

फडक्यांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण हा राग मला पटत नाही. दोन वर्षे दुष्काळात होरपळलेला माणूस लुटीतले चार रुपये घरी नेतो, त्यात त्याची लालसा किती आणि भूक किती, हे पगार घेणाऱ्याने कसे ठरवावे? आणि ही माणसे नुसती वाटणीपुरती आली होती म्हणावे, तर दौलतराव नाइकांचे काय? फडके दूर दक्षिणेत असताना दौलतरावांनी मे १८७९ मध्ये घाट उतरून कोकणात पळस्पे आणि चिखलीवर छापा घातला. फडक्यांचे शिरढोण तिथून हाकेच्या अंतरावर. लूट मोठी झाली, दीड लाखाच्या आसपास. एवढा पैसा घेऊन माणूस कुठेही नाहीसा झाला असता. दौलतराव तो घेऊन परत घाटावर यायला निघाले, वाटेत मेजर डॅनियलच्या फौजेने गाठले, आणि ते गोळी लागून पडले. बंडाचा उजवा हात गेला. शाळेच्या पुस्तकात त्यांचे चित्र नाही.

त्याच मे महिन्यात फडक्यांचा जाहीरनामा निघाला. शेतसारा कमी करा, लोकांना कामे द्या, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार कापा. नाही तर पुन्हा सत्तावन होईल. आणि गव्हर्नरचे डोके आणणाऱ्याला बक्षीस. गव्हर्नर कोण? तोच एक रत्तलवाला टेंपल. सरकारने फडक्यांच्या डोक्यावर इनाम लावले होते, याने उलट सरकारच्या डोक्यावर लावले. विलायतेच्या वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. १३ मेच्या रात्री पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले, सरकारला तेही फडक्यांचेच काम वाटले. त्यांचा त्या आगीशी संबंध नव्हता. पण सरकार एवढे बिथरले होते की त्याच दिवसांत रानड्यांची धुळ्याला बदली झाली. दोनशे माणसांच्या बंडाने हे एवढे झाले.

पुढचे थोडक्यात सांगतो. फडक्यांनी निजामाच्या मुलखात रोहिले जमवायला घेतले. पाठलाग चालूच होता. २० जुलै १८७९ च्या रात्री, विजापूरकडच्या देवर नावदगी गावी, पंढरपूरच्या वाटेवर असताना, थकून एका देवळात झोपलेले ते डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतले अब्दुल हक यांच्या हाती सापडले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, वकील म्हणून उभे राहिले. त्या वेळी ही छोटी गोष्ट नव्हती. पण फडक्यांच्या विरुद्ध मोठा पुरावा होता तो त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या रोजनिशीचा आणि आत्मवृत्ताचा. रानात, पाठलागावर असतानाही हा माणूस लिहून ठेवत होता! कारकुनाची सवय, दुसरे काय. त्याच कागदांवर त्यांना जन्मठेप झाली, आणि त्याच कागदांमुळे त्यांच्या मनात काय होते ते आपल्याला कळते. एडनच्या तुरुंगात खोलीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते एकदा पळाले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. वय सदतीस.

आता आपल्या देवळाकडे येतो.

सभामंडपाच्या उजव्या अंगाला संगमरवराची पाटी बसली आहे. अकरा हजार आणि त्यापुढे ज्यांनी दिले त्यांची नावे तीवर आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. त्यांच्यामुळे शिखर उभे राहिले. नियम समितीने ठरवला, सभेत झाला, मी त्या सभेला होतो, हातही वर केला होता. पण गेले आठ महिने गाभाऱ्याला दार नव्हते. जुनी चौकट काढली होती, नवी सुताराकडे होती, आणि देवाचे मुखवटे, समया, घंटा सगळे तिथेच. त्या आठ महिन्यांत रात्री राखण कोणी केली? नाईक आळीतल्या पोरांनी, पाळी लावून, पावसात घोंगडी घेऊन. त्यांना कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नाहीत. एक समई हलली नाही. घरटी शंभर रुपये वर्गणीही त्यांनी दिली, तिची पावती आहे. पाटीवर त्यांच्यातले एकही नाव नाही, कारण शंभर रुपये अकरा हजारांत बसत नाहीत.

याबद्दल मी समितीला एक अर्ज दिला आहे. पाटीच्या खाली एक हात जागा मोकळी आहे. तिथे लहान पाटी बसवून राखण करणाऱ्यांची नावे कोरावीत, दगडाचा आणि कोरण्याचा खर्च मी माझ्या पगारातून देतो, एवढाच मजकूर आहे. अर्ज देऊन आज एकवीस दिवस झाले. सोहळ्याची गडबड होती, अध्यक्ष कामात होते, हे मला मान्य. अर्ज कसा पडून राहतो हे माझ्याइतके या मंडपात कोणाला ठाऊक असणार? म्हणून नावांची यादी आज दोन प्रतींत करून आणली आहे. आळीत घरोघर जाऊन, वडिलांच्या नावासकट, खात्री करून लिहिली आहे. एक प्रत अध्यक्ष महाराजांच्या हाती देतो. दुसऱ्या प्रतीवर पोच मिळावी.

आरतीची वेळ झाली, पुजारीबुवा केव्हाचे घंटेकडे बघत आहेत. माझे बोलणे संपले.

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!